कूस

गादीबरोबर एक वही देतात.
अनामत पाचशे, भाडं नाही.
विरंगुळा केंद्राची मागची खोली, कॅरमबोर्डाच्या आड
दोन व्हीलचेअर, चार वॉकर, कमोडची एक खुर्ची
आणि घडी घातलेली हवेची गादी, पंपासकट.
तांडेलबाई म्हणाल्या, गादी फाटली तर चालेल,
वही हरवू नका.

नाव. पत्ता. नेल्याची तारीख. परत केल्याची तारीख.
मढवी, बोनकोडे : अठ्ठावीस दिवस.
दळवी, घणसोली : तीन वर्षं दोन महिने.
सौ. पार्टे, सेक्टर सात : पाच दिवस.
तिथे बोट अडकलं.
परत का केली, हे विचारणारा रकाना नाही.
कुणीतरी शहाण्या माणसानं आखलीय वही.

माझ्या बापानं तुर्भ्याच्या मार्केटात
तीस वर्षं कांद्याची पोती वाहिली.
आधी गुडघा, मग खांदा, श्वास मध्येच सोडायचा नाही :
त्याला मुकादमानं शिकवलं होतं.
मला कुणी नाही.
आई आता अठ्ठेचाळीस किलो.
गोणीपेक्षा दोन किलो कमीच,
पण गोणीला लाज नसते,
आणि तिला नाहीतरी
मुलानं धुवायचं नसतं.

दर दोन तासांनी कूस बदला, डॉक्टर म्हणाले.
जिच्यातून आलो ती कूस
मी अलार्म लावून बदलतो,
डावीकडून उजवीकडे.

वाशीच्या हॉस्पिटलात फॉर्मवर विचारलं होतं, व्यवसाय?
रबाळ्याची नोकरी सोडून तेव्हा वर्ष झालेलं.
मी रेघ मारली.
बहीण दर रविवारी मेढ्याहून फोन करते,
तू आहेस म्हणून बरं.
पेढे पाठवावेत तसं पाठवते हे वाक्य.
मी ते खात नाही, टाकतही नाही.

रात्री दोन. पंप घुरघुरतो.
वही मागून उघडली तर मागची पानं भरलेली,
प्रत्येक अक्षर वेगळं.

टाचेखाली उशी नको, पोटरीखाली ठेवा. टाच अधांतरी हवी.

गाऊन घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी.

सासरे मला आई म्हणतात. मी ओ देते.

मग पेन्सिलीनं, दाबून :
आज हात उगारला. उगारला फक्त.
त्याखाली हिरव्या शाईत :
इथे लिहिलंत, बरं केलंत. माझा पडला होता.

आणि शेवटच्या पानावर, घरचा नंबर देऊन :
गुरुवारी चार ते सहा मी मोकळी असते. येऊन बसेन.
तुम्ही केस कापून या. – पार्टे.

फोन करायला मला दोन आठवडे लागले.

आल्या. चपला बाहेर काढल्या, पदर खोचला,
चहा नको म्हणाल्या, जा.
केस कापून वीस मिनिटं झाली
तरी तासाहून जास्त उरला,
हातात सुट्टे पैसे असावेत आणि दुकान बंद असावं तसा.
बागेत बाकावर बसलो.
एक मुलगी सायकल शिकत होती, बाप मागे धरून पळत होता.
मी घड्याळ पाहिलं,
मग पुन्हा.

सहाला परतलो तर आई उजव्या कुशीवर.
पार्टेबाई म्हणाल्या, विचारलं मी त्यांना, मुलगा कुठाय,
तर म्हणाल्या, पोरगा कामावर गेलाय.

आईकडे उरलेत मोजून दहा-बारा शब्द.
त्यातले तीन तिनं
माझ्यावर खर्च केले.

त्या रात्री मीही लिहिलं,
नाव न घालता :
पंपाची पिन सैल आहे. पुठ्ठ्याची घडी करून खोचा,
नाहीतर हवा उतरते आणि झोपेत कळत नाही.

पुढे माझ्या नावासमोर
परत केल्याची तारीख कोरी.
ती कोरीच राहो, असं म्हणावं
की म्हणू नये,
ठरत नाही.

दोन वाजले.
आई, जरा इकडे हो.